फळीवरचं ताट

आई, गेल्या महिन्यात एका सोमवारी रजा टाकून मी गिरणीत जाऊन आले. म्हणजे गिरणी जिथे होती तिथे. त्या जागेवर आता शाळा आहे, आणि ती साधीसुधी नाही, आंतरराष्ट्रीय निवासी शाळा आहे. मुलं तिथेच राहतात. सोमवारी सकाळी पोचवायची, शुक्रवारी संध्याकाळी आणायची. आपल्या जुन्या चाळीपासून चालत सात मिनिटांवर आणि माझ्या दादरच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर पोरं वसतिगृहात टाकायची आणि त्याला शिक्षण म्हणायचं! तू असतीस तर म्हणाली असतीस, "आवस-बापूस मेले काय त्या पोरांचे?" मीही साधारण तेच म्हणाले, फक्त जरा सभ्य भाषेत आणि तेही गाडीत, तुझ्या जावयाला. तू त्याला पाहिलं नाहीस. गिरगावातला आहे, तीन पिढ्या कचेरीत गेलेलं घर, त्याला चिडताच येत नाही. तो म्हणाला, "अगं, आधी बघून तर येऊ. बघायला काय जातं?" मागच्या सीटवर तुझी नात खिडकीबाहेर बघत बसली होती. तेरा वर्षांची आहे. ती मला चाळिशीला टेकल्यावर झाली, त्यामुळे तिला आजी मिळाली ती फक्त फोटोतली. शाळेचं पत्रक तिनेच आणून आमच्या पुढ्यात ठेवलं होतं. का, ते मी विचारलं नव्हतं. मला वाटलं, पोहायचा तलाव बघून भुलली असेल.

फाटकावर आमचे फोटो काढले आणि 'पाहुणे' असं लिहिलेली पट्टी गळ्यात घातली. आई, त्या फाटकातून मी शंभरदा आत-बाहेर केलंय. बाबांची पाळी सुटायच्या वेळेला तू मला निरोप घेऊन पाठवायचीस आणि तिथला पहारेकरी मला नावाने ओळखायचा. आता मी तिथली पाहुणी. आमच्याबरोबर फिरायला एक मुलगी दिली होती, पंचविशीची, हातात टॅब, पायात उंच टाचा. ती इंग्रजीत बोलत होती आणि नवरा 'एका शिक्षकामागे मुलं किती' वगैरे शहाण्यासारखे प्रश्न विचारत होता. हिरवळीपाशी येऊन ती थांबली, हात पसरले आणि म्हणाली की हा सगळा परिसर आमच्या संस्थेने शून्यातून उभा केलाय, पूर्वी इथे काहीच नव्हतं. बस्स. तिथे माझं डोकं फिरलं. मी मराठीत म्हटलं, "काहीच नव्हतं? मग माझा बाप रोज डबा घेऊन कुठे जात होता?" नवऱ्याने माझ्या कोपराला हात लावला. पोरीने खाली बघितलं. मग टॅब छातीशी धरून हळूच, अगदी आपल्या बोलीत म्हणाली, "मॅडम, असं बोलायला शिकवलंय आम्हाला. मी काळाचौकीची. माझे आजोबा पण इथेच होते, सूतखात्यात." आता अशा पोरीवर राग तरी कसा काढायचा? मी तो गिळला आणि पुढे चालू लागले.

त्यानंतर जे जे दाखवलं त्या प्रत्येक गोष्टीचा मला राग आला, हे मी कबूल करते. चौथ्या मजल्यावर पोहायचा तलाव. वाचनालयात खुर्च्या नाहीत, एकदा बसलं की उठता येऊ नये अशा मऊ पोत्यांवर लोळून वाचायचं. चढायला एक खोटी भिंत, तिला रंगीत खुंट्या, आणि चढणाऱ्याच्या कमरेला दोरी. एका दालनात काचेच्या पेटीत जातं ठेवलंय, शेजारी खलबत्ता, आणि आठवड्यातून एक तास मुलांना 'पारंपरिक स्वयंपाकाचा अनुभव' देतात. तुझ्या उजव्या तळहातावर आयुष्यभर जो घट्टा होता, तोही ठेवायला हवा होता तिथे पेटीत. आणि सगळ्यांत मोठं नवल सांगू? बाहेर मिरच्या कुटायचे डंख धाडधाड चालू होते, रस्त्यावर माणसं नाकाला रुमाल लावून जात होती, आणि आत मला एकसुद्धा शिंक आली नाही. हवा गाळून घेतात म्हणे. लालबागेत उभं राहून शिंक येत नाही म्हणजे काय! असल्या जागेत वाढलेलं पोर उद्या खऱ्या हवेत गेलं तर करणार काय, असं मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "शिंकेल." त्याचे विनोद असेच असतात.

मग निजायच्या खोल्या. एका खोलीत चार पलंग, प्रत्येकाला दिवा, पडदा, एक कपाट. कपाटात काय आणायचं, काय नाही, याची यादी दारावर. आणि मजल्याच्या टोकाला काचेच्या तीन लहान खोल्या, त्यात खुर्ची आणि पडदा. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "घरच्यांशी बोलायला. बुधवारी, प्रत्येकी वीस मिनिटं." आई, पोरांना आईशी बोलायला काचेची खोली! मला तिथे उभं राहवेना. मी खिडकीशी गेले. खाली आपली चाळ दिसत होती. आपला मजला, आपली गॅलरी, आणि कुणीतरी तिथे गोधडी वाळत घातली होती. नऊ वर्षांची असताना मला कुणी काचेची खोली दिली नव्हती. दोन वर्षांत तुझी पत्रं आली ती सहा, आणि तीसुद्धा शेजारच्या मास्तरांच्या अक्षरातली.

हो, मी तिथेच येतेय. हे पत्र शाळेबद्दल आहे असं मी स्वतःला सांगत बसले होते, पण माझा राग शाळेपुरता कधीच नव्हता.

आपली खानावळ मला आजही डोळे मिटून दिसते. दोन खोल्या. आतल्या खोलीत दोन स्टोव्ह आणि तू, बाहेरच्या खोलीत गाववाल्यांची पंगत. एकेका गाळ्यात पंधरा-पंधरा जण राहणारे बाप्ये, बायकापोरं गावाला, तीन पाळ्यांत कामाला आणि तीन पाळ्यांत जेवायला. भिंतीला लांब फळी, फळीवर प्रत्येकाचं ताट, ताटाच्या काठावर टिंबाटिंबांनी घातलेलं नाव. पहिल्याच दिवशी तू नव्या माणसाला बजावायचीस की आपलं ताट घेऊन ये, नाव घालून घे, आणि जेवलास की आपलं आपण घास. शिमग्याला, गणपतीला कुणी गावाला निघाला की ताट घासून फळीवर पालथं ठेवायचा. ताट फळीवर, म्हणजे माणूस परत येणार, त्याची जागा दुसऱ्याला द्यायची नाही. आणि कुणी ताट पिशवीत घालून घेऊन गेला, तर त्याचं नाव कापलं. भांडून गेलेला, नोकरी सुटून गेलेला, दुसऱ्या खानावळीत गेलेला, ताट घेऊन गेला की तो आपला राहिला नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण मला पाढ्यांच्या आधी तो पाठ होता.

मग संप झाला. पंगत रोज एकेकाने कमी होत गेली. जो तो गावाची वाट धरत होता आणि प्रत्येक जण जाताना ताट पालथं ठेवत होता. "महिन्याभरात येतंय, वयनी." सगळ्यांनी ताटं ठेवली, एकानेही नेलं नाही. शेवटी फळीवर सगळी ताटं पालथी आणि खाली जेवायला कुणी नाही, असं झालं. बाबा काम शोधायला भिवंडीला गेले. आणि एका सकाळी मला गावाला काकीकडे धाडायला तू माझे दोन फ्रॉक, फणी आणि एक ताट पिशवीत भरलंस. ते तुझं स्वतःचं ताट होतं, लग्नात आजोबांनी दिलेलं. वर तुझं माहेरचं नाव होतं आणि त्याच्या खाली तू माझं नाव घालून आणलं होतंस. टिंबं नवी होती, बोट फिरवलं की टोचायची. तू म्हणालीस, "ह्यां तुझां ताट. काकीकडे ह्याच्यातच जेवायचां. कोणाक बोलांक जागा ठेवू नको." मी फळीकडे बघितलं. इतक्या बाप्यांची ताटं फळीवर राहिली आणि एकटीचं माझं ताट पिशवीत. मी पिशवी खांद्याला लावली, आई. मला नियम ठाऊक होता. माझं नाव तू कापलं होतंस.

आज मला कळतं की तसं नव्हतं. ज्याला स्वतःचं ताट आहे तो दुसऱ्याच्या घरी आश्रित म्हणून जेवत नाही, हे तुला खानावळीने शिकवलं होतं. आपल्या जावेच्या पाच पोरांत आपली सहावी मान खाली घालून बसू नये म्हणून तू तुझं ताट दिलंस आणि पुढे स्वतः परातीत जेवलीस. पण हे सांगायचं ना! एका वाक्यात सांगता आलं असतं. नऊ वर्षांच्या पोरीने बसच्या खिडकीतून मागे बघितलंच नाही, ते तुला दिसलं नाही? या एका गोष्टीचा मला अजून राग येतो. तू बत्तीस बाप्यांच्या आवडीनिवडी लक्षात ठेवायचीस, कुणाला वाल चालत नाहीत, कुणाला सोलकढी हवीच, आणि मला मात्र एक वाक्य दिलं नाहीस.

दोन वर्षांनी परत आले तेव्हा तू पहिली माझी पिशवी उघडलीस. "ताट खंय हा?" मी म्हटलं, बावीत पडलां. काकीच्या विहिरीवर घासताना हातातून सुटलं म्हणून सांगितलं. तू फाडकन माझ्या थोबाडीत दिलीस, आणि मग तूच भिंतीला टेकून रडायला लागलीस. फळीवर बरीचशी ताटं अजून पालथीच होती, त्यांचे धनी कधीच आले नाहीत. आणि त्यांच्यात एका ताटापुरती जागा मोकळी होती, स्वच्छ पुसलेली. त्यानंतर मी त्या न आलेल्यांपैकीच एकाच्या ताटात जेवत वाढले. आणि जेव्हा जेव्हा तुझ्याशी भांडायचं असेल तेव्हा मी एकच अस्त्र काढायचे, तू मला टाकलं होतंस. दहावीला मार्क कमी पडले तेव्हा, नोकरीसाठी वेगळं राहायचं ठरवलं तेव्हा, कधीही. तू एकदाही उलट उत्तर दिलं नाहीस. अगदी शेवटी इस्पितळात, बोलायचे कष्ट होत होते तरी तू म्हणालीस, "तुका गावाक धाडलंय, तां माझां चुकलां गे." मी तुझ्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि गप्प राहिले.

तर तो सोमवार. सगळ्यात शेवटी त्यांनी जेवणघर दाखवलं. जिथे कापड विणायचे साचे होते, बाबांचे साचे, साधारण तिथेच. लांबलचक टेबलं, बाकं, आणि मुलं जेवत होती. कुणी ओरडत होतं, कुणी दुसऱ्याच्या ताटातला पापड पळवत होतं, एक शिक्षिका डोक्याला हात लावून बसली होती. ताटं सगळी एकसारखी, मागे नंबर. टॅबवाल्या पोरीने तुझ्या नातीला विचारलं, "तुला सगळ्यात काय आवडलं? स्विमिंग पूल?" माझी मुलगी सबंध फेरीत एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "हे."

"हे म्हणजे?"

"इथे दहा-दहा जण एकत्र बसतात ना. आणि जेवताना मोबाइल काढून घेतात, असं पत्रकात होतं."

मी तिथेच भडकले. सगळ्या दिवसाचा साठलेला राग होता, तो नेमका तिच्यावर निघाला. "घरी काय उपाशी ठेवतो का आम्ही तुला?"

"तसं नाही गं, आई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. "घरी मी एकटी जेवते."

नवरा नंबराच्या ताटाकडे बघत राहिला. काळाचौकीच्या पोरीने टॅबवर उगाच काहीतरी चाळलं. आम्ही गाडीत बसलो. मी मनात खटला चालवत होते. आम्ही दोघं काय हौसेने आठ-आठ वाजता घरी येतो? घर कुणासाठी घेतलं? रविवारचा अख्खा दिवस मी ओट्याशी कुणासाठी उभी असते? घरी येऊन तणतणत फ्रीज उघडला, आणि समोर माझेच डबे. एकावर एक पाच डबे, झाकणांवर चिकटपट्ट्या, पट्ट्यांवर माझ्या अक्षरात सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र. नाव नव्हतं, वार होते. बत्तीस माणसांना रोज ताजं वाढणाऱ्या खानावळवालीची नात शाळेतून येते, वार बघून डबा काढते, गरम करते आणि टीव्हीसमोर बसून एकटी जेवते. मी त्या शाळेला काचेच्या खोलीवरून नावं ठेवत होते. माझ्या घरी तर काचसुद्धा नाही, नुसती खोली आहे. इतका राग मला दिवसभरात कशाचा आला नव्हता, आणि या वेळी तो काढायला दुसरं कुणी नव्हतं.

आम्ही तिघं त्या संध्याकाळी ओट्याशी उभं राहूनच बोललो. ती म्हणाली, एक वर्ष जाऊन बघते, नाही आवडलं तर परत. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले. शुक्रवारी मी अर्धा दिवस काम करून तिला आणायला जायचं, असं माझ्याकडून लिहून घेतलंय तिने, सहीसकट. शनिवार-रविवार कुणीही उभ्याने जेवायचं नाही, हेही त्यात आहे. शाळेच्या यादीत ठळक अक्षरांत होतं की बाहेरची भांडी चालणार नाहीत. ते वाचून मला पहिल्यांदाच त्या शाळेचं काहीतरी पटलं.

त्या शनिवारी मी तिच्यासाठी ताट घ्यायला लालबागच्या मार्केटात गेले. भांड्यांची तीन दुकानं फिरले. "नाव? आता कोण नाव घालतंय, ताई?" चौथ्या दुकानात एक म्हातारा भेटला, त्याने गल्ल्याखालून यंत्र काढलं, वायर झटकली. "लग्न आहे का घरात?" मी म्हटलं, नाही, पोरगी शिकायला चाललीय. "मग बरोबर नेणार," तो म्हणाला. मी म्हटलं, नाही, घरी राहणार. त्याने ताट फडक्याने पुसलं. मग म्हणाला, "आईची खानावळ होती काय?" मी मान हलवली. त्याने पोरीचं नाव घातलं, टिंबं सरळ आली.

घरी आल्यावर मी तुझ्या नातीला सगळं सांगितलं. फळी, पालथी ताटं, नाव कापणं. ती लक्ष देऊन ऐकत होती. आज सकाळी, शाळेच्या पहिल्या दिवशी, तिने आपलं ताट स्वतः घासलं, पुसलं आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर पालथं ठेवलं. मग दप्तर खांद्यावर टाकताना विचारलं, "आणि तुझं ताट कुठंय?"

मी म्हटलं, "लहानपणीच हरवलं. विहिरीत पडलं."

इतक्या वर्षांनी, तेच खोटं, तितक्याच सफाईने. ती गेल्यापासून मी हा कागद घेऊन बसले आहे. हा कुठे जाणार नाही, त्या पालथ्या ताटाखाली राहील. पण तू इस्पितळात जे म्हणालीस त्यावर मी गप्प राहिले, त्याचं उत्तर लिहिल्याशिवाय मला उठता येत नाही.

तुझं काही चुकलं नव्हतं. काकीच्या पडवीत आम्ही सहा पोरं ओळीने जेवायला बसायचो. काकी सगळ्यांत आधी माझ्या ताटात वाढायची, कारण नाव असलेलं ताट तेवढं एकच होतं. मी तिथे एक दिवससुद्धा रडले नाही. रडले ती तुझं न्यायला येण्याचं पत्र आलं तेव्हा. आणि आई, ते ताट बावीत पडलं नव्हतं. निघायच्या दिवशी सकाळी मी ते राखेने घासलं, पुसलं आणि काकीच्या फळीवर पालथं ठेवून आले.